"तांत्रिक बिघाड" लिहून थांबू नका, कॉन्फिगची नोंद कुठंय ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंटरनेट किंवा मोबाईल सेवा काही तास बंद पडली की दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि त्यात कारण म्हणून दोनच शब्द असतात, "तांत्रिक बिघाड". फारच खोलात गेलं कोणी तर "मानवी चूक". मी गेली १६ वर्षं नेटवर्कमध्ये काम करतेय, राउटर लावणं, सांभाळणं, रात्रीअपरात्री उठून त्यांच्यामागे लागणं हेच माझं काम, आणि हे शब्द वाचले की मला दरवेळी वाईट वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही आणि ज्यांनी सुधारायला हवं ते मात्र सुटतात. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

वाचकांसाठी आधी थोडं सांगते. घरात कोपऱ्यात लुकलुकणारा डबा असतो तोही राउटरच, पण मी म्हणतेय ते मोठे, कंपन्यांचे, बँकांचे, टेलिकॉमवाल्यांचे. अशा प्रत्येक राउटरच्या पोटात साध्या अक्षरात लिहिलेला मजकूर असतो, त्याला आम्ही कॉन्फिग म्हणतो. कुठल्या पोर्टला कुठला अॅड्रेस, कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, शेजारच्या राउटरशी काय बोलायचं, सगळं त्यात. कधी दोनशे ओळी, कधी काही हजार. आणि कितीतरी ठिकाणी आजही हा मजकूर माणूस हाताने टाइप करून बदलतो, तोही रात्री, कारण दिवसा कोणी हात लावू देत नाही. जुन्या पद्धतीच्या राउटरवर तर एंटर मारलं की ती ओळ त्याच क्षणी लागू होते, पुढच्या चार ओळी टाइप करायच्या बाकी असल्या तरी.

ह्याचा अर्थ काय होतो ते माझ्याच एका रात्रीवरून सांगते, कंपनीचं नाव घेत नाही. एका लांबच्या शाखेचा राउटर होता, आमच्यापासून दोनेकशे किलोमीटरवर. त्यावर ११० नंबरची अॅक्सेस लिस्ट होती, म्हणजे कोणाला आत सोडायचं त्याची यादी. राउटर ती वरून खाली वाचतो आणि ज्याचं नाव कुठेच सापडलं नाही त्याला शेवटी सरसकट बंदी, ती बंदीची ओळ लिहिलेली दिसत नाही पण असतेच. मला त्यातली एक जुनी ओळ काढून नवी टाकायची होती, दोन मिनिटांचं काम. ओळ काढायची म्हणून मी तीच ओळ पुढे "नो" लावून टाइप केली. त्या राउटरवर नंबरवाल्या लिस्टला असं केलं की एक ओळ जात नाही, अख्खी लिस्ट जाते. मला हे माहीत नव्हतं असं नाही हो, पण रात्रीचे अडीच वाजलेले, तिसरा चेंज चालू, हात आपोआप चालले. लिस्टच उरली नाही की राउटर कोणालाच अडवत नाही, त्यामुळे सगळं चालूच राहिलं आणि मला शंकासुद्धा आली नाही. मग मी नवी ओळ टाइप केली आणि एंटर मारलं. कर्सर जागच्या जागी थांबला. आता यादीत एकच नाव होतं आणि ते माझं नव्हतं. शाखेतल्या कोणाचंच नव्हतं.

मग वॉचमनला फोन. तो बिचारा टॉर्च घेऊन रॅकपाशी गेला, वरून तिसरा डबा, मागे बटण आहे का बघा, नाही दिसत, मग पॉवरची केबल काढा, ती नाही हो, तिच्या शेजारची, असं करत करत त्याने राउटर बंद करून परत चालू केला. माझा हिशोब बरोबर होता. राउटरमध्ये कॉन्फिगच्या दोन प्रती असतात, एक आत्ता चालू असलेली आणि एक सेव्ह करून ठेवलेली. मी सेव्ह केलंच नव्हतं, म्हणजे बंद-चालू केल्यावर जुनी प्रत येणार आणि माझी चूक पुसली जाणार. जुनी प्रत आली. पण ती पाच महिन्यांपूर्वीची निघाली! माझ्या आधी ज्या ज्या लोकांनी बदल केले होते त्यांच्यापैकी कोणीच शेवटी सेव्ह मारलं नव्हतं. पाच महिन्यांचे सगळे बदल, नवीन लिंक, नवीन रूट (म्हणजे डेटाने कुठून जायचं ते रस्ते), सगळं एका झटक्यात गायब.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आम्ही चारजण तो राउटर परत उभा करत होतो, जुने मेल शोधून, सोडून गेलेल्या सहकाऱ्याला फोन करून, कोणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून करून वाचून. त्यानंतर रिपोर्ट झाला. कारण काय लिहिलं, तर मानवी चूक, आणि खाली माझं नाव. चूक माझीच होती, ते मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते. पण त्या मीटिंगमध्ये एकानेही विचारलं नाही की पाच महिने त्या राउटरची एकही ताजी प्रत आपल्याकडे का नव्हती. राउटर बदलण्याआधी "दहा मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट हो" असं सांगून ठेवायची एक पद्धत आहे, जाणकार लोक ती वापरतात, ती मी वापरली असती तरीसुद्धा तीच पाच महिने जुनी प्रत वर आली असती. माझी चूक दोन मिनिटांची होती, नोंद न ठेवण्याची चूक पाच महिने रोज होत होती.

त्या आठवड्यात मी ठरवलं की हे काम माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही. ऑटोमेशन म्हटलं की लोकांना वाटतं मशीन राउटर बदलणार. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे आणि ह्या पत्रात मला खरं तर तेवढंच सांगायचंय. मशीनला आधी नुसतं वाचायला लावा. रोज रात्री एक स्क्रिप्ट प्रत्येक राउटरवर लॉगिन करेल, चालू कॉन्फिग वाचेल, गिटमध्ये (फाइलची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवणारं टूल) ठेवेल आणि कालच्यापेक्षा काय बदललं तेवढंच सकाळी मेलवर पाठवेल. ह्याला आम्ही डिफ म्हणतो, गेलेल्या ओळीपुढे वजा, आलेल्या ओळीपुढे अधिक. ह्यात नवीन काहीच नाही, रॅन्सिड नावाचं फुकट मिळणारं टूल वीस वर्षांहून जास्त काळ हेच करतंय, त्यानंतर ऑक्सिडाइज्ड आलं, तेही फुकट. पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही, एक साधा सर्व्हर आणि कोणाचेतरी दोन आठवडे लागतात. तेच दोन आठवडे कोणी द्यायला तयार नसतं.

मी हट्टाने स्वतःची स्क्रिप्ट लिहायला घेतली. पहिल्या रात्री ती पहिल्याच राउटरवर अडकली, कारण राउटर एक पानभर मजकूर दाखवून खाली "मोर" लिहून थांबतो, माणसाने स्पेस दाबायची वाट बघत, आणि स्क्रिप्ट त्याची वाट बघत बसली सकाळपर्यंत. त्याला आधी सांगावं लागतं की पानं पाडू नकोस, सलग दे. दुसऱ्या रात्री चाललं पण डिफच्या मेलमध्ये एवढा कचरा आला की कोणी वाचेना, घड्याळ जुळवण्यासाठी राउटर स्वतःच एक आकडा बदलत राहतो, वर "शेवटचा बदल अमुक वाजता" अशी ओळ येते, हे सगळं गाळून टाकावं लागलं. हे छोटं वाटतं पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण ज्या मेलमध्ये रोज काहीतरी फालतू असतं तो मेल लोक दहाव्या दिवशी उघडायचंच बंद करतात आणि मग अकराव्या दिवशी खरा बदल येतो.

गाळणी बसल्यावर जे दिसायला लागलं ते बघून मी हादरले. कितीतरी राउटरवर चालू प्रत आणि सेव्ह केलेली प्रत वेगवेगळी, म्हणजे लाइट गेली की परत माझ्या त्या रात्रीसारखंच होणार. नोकरी सोडून दोन-तीन वर्षं झालेल्या माणसांची लॉगिनं तशीच चालू. एसएनएमपी, म्हणजे राउटरवर दुरून लक्ष ठेवायची सोय, तिचा पासवर्ड "पब्लिक", जो जगात सगळ्यांना माहीत आहे. एकाच कामाची यादी वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळी, कारण ज्याने ज्या दिवशी बसवलं त्याने आपल्या मनाने लिहिलं. हे सगळं नुसतं वाचून कळलं, एकाही राउटरला धक्का न लावता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण नवीन मुलं हे हमखास विसरतात. कॉन्फिगमध्ये पासवर्ड असतात. सिस्कोच्या राउटरवर टाइप ७ म्हणून जे गुंतागुंतीचे आकडे दिसतात ते लॉक नाहीयेत, कोणीही क्षणात उलगडू शकतं. तेव्हा सगळ्या राउटरची कॉन्फिगं एका सर्व्हरवर गोळा करताय म्हणजे तुम्ही सगळ्या किल्ल्या एका खिळ्याला टांगताय, त्या सर्व्हरला कोण हात लावू शकतं ते आधी ठरवा आणि मेलमध्ये जाणाऱ्या डिफमधून पासवर्डच्या ओळी झाका.

आता लिहिण्याकडे येते, म्हणजे मशीनने राउटर बदलणं. तेही हवंच, माझा विरोध नाही. शंभर राउटरवर एकच ओळ हाताने टाकायची तर सत्तराव्या राउटरला माणूस चुकणारच. पद्धत अशी की कॉन्फिगचा एक टेम्प्लेट करायचा, त्यात रिकाम्या जागा, आणि प्रत्येक राउटरची माहिती वेगळ्या फाइलमध्ये किंवा नेटबॉक्ससारख्या, नेटवर्कची माहिती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची, नाव काय, अॅड्रेस काय, शेजारी कोण. टूल दोन्ही जोडून मजकूर तयार करतं. २०१२ साली आलेलं अॅन्सिबल ह्या कामात फार वापरलं जातं, २०१५ मध्ये ते रेड हॅट कंपनीने घेतलं. राउटरवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या नेहमीच्या पद्धतीने आत जातं. नीट लिहिलेलं असेल तर ते दहा वेळा चालवलं तरी निकाल तोच, जे आधीच बरोबर आहे त्याला हात लावत नाही, आणि आधी नुसतं "काय बदलशील ते दाखव" असंही विचारता येतं.

आणि राउटर बनवणाऱ्यांनीही ह्यावर काम केलंय. २००२ साली इंटरनेटचं काम बघणाऱ्या लोकांनी नेटवर्क चालवणाऱ्यांना बोलावून एक बैठक घेतली होती, तुम्हाला नक्की काय हवंय ते सांगा म्हणून, आणि पुढच्या वर्षी ते आरएफसी ३५३५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटबद्दलचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) म्हणून छापलं गेलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी अंगावर येतं, कारण त्या माझ्याच आहेत. कॉन्फिग आणि चालू स्थिती वेगळी दिसू द्या. कॉन्फिग काढून घेता आलं पाहिजे, आधीच्याशी ताडून बघता आलं पाहिजे, डिफ आणि व्हर्जन ठेवणारी साधी टूल वापरता आली पाहिजेत. एकेका डब्याचा विचार नको, सगळ्या नेटवर्कचा एकत्र करू द्या. त्यातूनच २००६ मध्ये नेटकॉन्फ, म्हणजे राउटरचं कॉन्फिग दुरून बदलायची ठरवून दिलेली पद्धत आली, २०११ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, आणि २०१० मध्ये यांग ही भाषा, जिच्यात कॉन्फिगचा आराखडा लिहितात.

नेटकॉन्फमध्ये राउटर साथ देत असेल तर सगळे बदल आधी बाजूला कच्च्या प्रतीत लिहायचे, तपासायचे आणि मग एकदम लागू करायचे, सगळे किंवा एकही नाही. शिवाय "कन्फर्म्ड कमिट" म्हणून एक सोय आहे, बदल लागू झाला की घड्याळ सुरू होतं, काही वेगळं सांगितलं नसेल तर दहा मिनिटांचं, आणि तेवढ्यात तुम्ही परत येऊन "हो, ठीक आहे" म्हटलं नाही तर राउटर स्वतःच आधीच्या कॉन्फिगवर जातो. जुनिपरच्या राउटरवर तर हे कमांड लाइनवरही आहे. त्या रात्री हे असतं तर मी बाहेर फेकली गेले असते, दहा मिनिटं घाम फुटला असता आणि राउटर आपोआप बदल करण्याआधी होता तसा झाला असता, वॉचमनला उठवावं लागलं नसतं आणि ते पाच महिनेही गेले नसते. ज्यांच्याकडे ही सोय असून वापरत नाहीत त्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

पण मशीन लिहायला लागलं की चूकही मशीनच्या वेगाने पसरते, हे लपवून चालणार नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सगळं सुमारे सहा तास बंद होतं, वाचकांना आठवत असेल. मेंटेनन्स चालू असताना, जगभरातल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या लाइनींची क्षमता बघायला एक कमांड दिली गेली आणि तिने त्या सगळ्या लाइनीच पाडल्या. अशा कमांड तपासून अडवणारं टूल त्यांच्याकडे होतं, पण त्या टूलमध्येच बग होता. त्यांचे डीएनएस सर्व्हरही, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे, जगाला दिसेनासे झाले, आतली दुरुस्तीची साधनं बंद पडली, शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. म्हणजे दोनशे किलोमीटरवरचा माझा वॉचमन आणि त्यांचे ते इंजिनिअर, काम एकच.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या रॉजर्स ह्या टेलिकॉम कंपनीचं, ८ जुलै २०२२. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा गेली, इमर्जन्सीचे फोन लागेनात, दुकानांतून डेबिट कार्ड चालेना. कारण राउटरच्या कॉन्फिगमधून एक फिल्टर काढला गेला, त्याबरोबर रूटचा लोंढा मधल्या मुख्य राउटरवर आला आणि ते कोसळले. ह्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक, हा सात टप्प्यांच्या बदलातला सहावा टप्पा होता, आधीचे पाच नीट पार पडले म्हणून त्यांच्या जोखीम मोजणाऱ्या पद्धतीने ह्या कामाची जोखीम "जास्त"वरून "कमी"वर आणली. दुसरी, राउटर दुरुस्त करायला जो रस्ता वापरायचा तो त्याच नेटवर्कवर अवलंबून होता, नेटवर्क पडलं आणि आत शिरायचं दारही त्याबरोबर बंद झालं. मायक्रोसॉफ्टच्या सेवा बंद पडल्या ते २५ जानेवारी २०२३ चं प्रकरणही ह्याच जातीचं, जी कमांड दिली ती वेगवेगळ्या राउटरवर वेगवेगळी वागते आणि त्या राउटरवर ती पूर्ण तपासलेली नव्हती.

म्हणून मी माझ्या टीममध्ये काही गोष्टींवर भांडते. बदल आधी लॅबमध्ये, जीएनएस३ किंवा कंटेनरलॅबवर खोटं नेटवर्क उभं करून. बॅटफिश नावाचं टूल कॉन्फिग वाचून सांगतं की हे लावलं तर इथून तिथे पोचता येईल की नाही, राउटरवर न जाता, ते चालवा. मग एकच राउटर, तोही कमी महत्त्वाचा, आणि थांबा. नुसतं "कमांड गेली" ह्यावर समाधान नको, शेजारी किती होते आणि आता किती आहेत, रूट किती होते आणि आता किती आहेत, हे आधी आणि नंतर मोजा, फरक पडला तर स्क्रिप्टने स्वतःच थांबायला हवं. मग पाच राउटर, मग पुढचे. आधीचे टप्पे नीट गेले म्हणून पुढच्याची तपासणी कमी करायची नाही. आणि राउटरपर्यंत जायचा एक वेगळा रस्ता, वेगळ्या लाइनवरून, तो दर महिन्याला कोणीतरी खरंच वापरून बघायचा, कारण गरज पडते त्याच दिवशी त्या मॉडेमचं सिम बंद असल्याचं कळतं.

नोकऱ्या जातील का असं मला ज्युनिअर मुलं फार विचारतात. माझ्याकडे तरी कोणाची गेली नाही, रात्रीची जागरणं गेली. पण एक सांगते, टूल शिकायच्या नादात राउटर वाचायचं विसरू नका. नो लावल्यावर अख्खी लिस्ट जाते हे ज्याला माहीत नाही त्याने लिहिलेला टेम्प्लेट शंभर लिस्ट उडवेल.

मॅनेजर लोकांनाही विनंती आहे. महागडं ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर घ्यायच्या मीटिंगा सहा महिने चालतात आणि तोपर्यंत रोजचा बॅकअपसुद्धा सुरू झालेला नसतो. आधी एका माणसाला दोन आठवडे द्या, दिवसाचे, रात्रीचे नव्हेत. आणि काही पडलं की रिपोर्टमध्ये नाव लिहायच्या आधी त्या नावाच्या हातात काय साधन दिलं होतं तेही लिहा.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी कुठलीही मोठी सेवा काही तास बंद पडली आणि कंपनीचा माणूस "तांत्रिक बिघाड" म्हणाला, तर तुमच्या बातमीदाराला तीन प्रश्न विचारायला सांगा. बिघडायच्या आदल्या रात्रीची कॉन्फिगची प्रत तुमच्याकडे होती का? बदल चुकला तर आपोआप मागे जायची सोय होती का, आणि असली तर ती चालू होती का? नेटवर्क पडल्यावर त्या राउटरपर्यंत जायला दुसरा रस्ता होता का? उत्तरं नाही मिळाली तर "कंपनीने ह्यावर उत्तर दिलं नाही" एवढं तरी छापा.

आपली,
एक नेटवर्क इंजिनिअर